ढोलकीचं विरजण

वसंता,

काल दुपारी मिठागराच्या बांधावर बसलो होतो. ऊन असं पडलं होतं की मीठ कुठे संपतं आणि आभाळ कुठे चालू होतं तेच कळेना. डोळा लागला असेल, नसेल. तू पाठमोरा बसून ढोलकीच्या कड्या ओढत होतास. एक थाप मारायचास, कान लावायचास, मान हलवायचास, परत ओढायचास. मी म्हटलं, "चल रे, किती लावतोस, नाचणाऱ्यांचे पाय दुखले उभं राहून." तू मागे न बघता म्हणालास, "थांब शाहीर. चामडं ओलं आहे आज." चाळीस वर्षं हेच सांगत आलास. भर वैशाखातसुद्धा तुझं चामडं ओलंच.

मग एक बगळा उडाला आणि तू नव्हतास.

मंडळाची पोरं म्हणाली, तात्या, वसंतरावांवर आपल्या पुस्तिकेत चार ओळी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात जन्म गेला. गाणं रचलं तरी तोंडात ठेवायची सवय, कागदावर नाही. पण दुसऱ्या कुणी तुझ्यावर लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहितोय. तू कुठे जन्मलास, टेलिफोनच्या खांबांवर किती वर्षं चढलास, ते ज्याला सांगायचं त्याने सांगावं. मला तुझ्याशी चाललेलं भांडण पुरं करायचंय. तू मधेच उठून गेलास. ही काय रीत झाली?

आपण दोघं एका गावचे. गणपतीत जाखडी नाचायची, मी गायचं, तू वाजवायचं. समोर दुसरी पार्टी. त्यांनी गाण्यातून टोमणा मारला की आपण गाण्यातूनच परत करायचा, उसना ठेवायचा नाही. आणि नाच संपला की एकाच पंगतीला बसून जेवायचं. मला जगाची एवढी एकच रीत ठाऊक. तू मात्र म्हातारपणी दुसरी रीत शिकलास.

तुझ्या दिनेशने शांती नगरच्या घरात कॉम्प्युटर आणला आणि सुनीताने तुला तो चालवायला शिकवला. सासरा सुनेकडून शिकतोय म्हणून मी किती हसलो होतो. तू एका बोटाने टकटक करायचास, कोंबडी दाणे टिपते तसा. आणि त्यातूनच कुठून तरी तुला ते सापडलं, ज्याला तू नुसतं 'वाटप' म्हणायचास. जगभरची माणसं आपापल्या घरातून गाणी एकमेकांना देतात, मधे कुणी दुकानदार नाही.

मला ते पटेना. मी म्हटलं, "अरे पण मुख्य गोदाम कुठे तरी असेलच ना? नरिमन पॉइंटला असेल."

तू म्हणालास, "नाही रे बाबा."

"मग अमेरिकेत."

"कुठेच नाही, शाहीर. तेच तर आहे."

रविवारी दुपारी तुझ्या हॉलमध्ये चारपाच जण जमायचे. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या घरी पोरांनी आणून ठेवलेला कॉम्प्युटर, वर क्रोशाचं झाकण. त्यांना तू समजावायचास तेव्हा मी कोपऱ्यात खुर्ची टाकून ऐकायचो, ऐकत नाही असं दाखवून. समोरच्या इमारतीतल्या पाटीलबाई घाबरत घाबरत यायच्या. त्यांना तू विचारलंस, "घरी दही लावता ना? विरजण कुठून आणता?"

"शेजारून."

"आणि शेजारणीचं दही नासलं तर?"

"ती माझ्याकडून नेते."

"मग तुमच्या इमारतीतल्या दह्याचं मुख्य ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "दह्याचं कसलं ऑफिस हो!"

"झालं तर मग. ह्याचंही नाही."

तू पुढे सांगायचास की गाण्याचे बारीक तुकडे होतात, एक तुकडा पुण्याहून येतो, एक दुबईहून, आणि तुमच्या घरात येऊन परत गाणं होतं. आपलंच गाणं ठेवायचं, दुसऱ्याचं त्याला विचारल्याशिवाय नाही. घेऊन झालं की मशीन बंद करून पळायचं नाही, थोडा वेळ चालू ठेवायचं, मागून येणाऱ्याला घेऊ द्यायचं. आणि शेवटी बोट वर करून म्हणायचास, "एक लक्षात ठेवा. दिलेलं विरजण परत मागता येत नाही. ज्याच्या घरी गेलं त्याच्या घरी ते लागलं."

मी कोपऱ्यातून हसलो होतो. म्हटलं, दह्यावर कीर्तन चाललंय.

त्याच हॉलमध्ये आपण माझी गवळण रेकॉर्ड केली. राधा दही घेऊन बाजाराला निघते, तिसऱ्या कडव्यात कृष्ण वाट अडवतो, ती. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, सुनीताला सांगितलं कुकर लावू नको. तिने आधीच लावला होता. दुसऱ्या कडव्यात शिट्टी झाली ती झालीच. आपल्या जुन्या कॅसेटी खाऱ्या हवेने बुरशी लागून गेलेल्या. ही एवढी एकच उरलेली. तू ती वाटपात ठेवलीस आणि आठवडाभराने म्हणालास, "अकरा जणांनी नेली, शाहीर." मी वर वर म्हटलं, अकराच? पण त्या दिवशी तुझ्याकडून स्टेशनापर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही. वाटेत प्रत्येक खिडकीतून माझा आवाज येतोय असं वाटत होतं. हवेतून माझे तुकडे उडत जातायत, समुद्रावरून, दिव्यांवरून, कुणाच्या तरी दूरच्या खोलीत जाऊन परत माणूस होतायत.

तुझ्याकडे आलो की मी ती लावायला सांगायचो. ऐकायचो, आणि माझा आवाज संपला की उठायचो. पुढे नुसती खुर्चीची करकर असणार, ती काय ऐकायची.

मग लोकांनी त्या गाण्याखाली लिहायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरांत मराठी. मला वाचता येत नाही, सुनीता वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं, म्हातारा बेसूर आहे. तू हसलास. "ह्याने ऐकलेलंच नाही. ह्याला उत्तर द्यायचं नाही." मग तिने पुढचं वाचलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'पारावरचा' एवढंच दिलं होतं. "ढोलकी फर्मास. शाहिराचा आवाज दांडगा. पण तिसऱ्या कडव्याला शाहीर पडला. ढोलकीवाल्याने हात दिला म्हणून उठला."

तू तिला ते परत वाचायला लावलंस. मग म्हणालास, "ह्याने कान देऊन ऐकलंय. ह्याला उत्तर द्यावं लागेल."

"देतोच," मी म्हटलं.

मला वाटलं हा गोविंदच. समोरच्या पार्टीचा शाहीर, दुसरा कोण मला 'पडला' म्हणेल? तो समुद्राकडच्या डोंगरी गावात एका वाडीवर राखण करायचा. दुसऱ्या दिवशी बसने डोंगरी गाठली. तो आंब्याखाली उघडाबंब बसून जाळं शिवत होता. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. तोंडावर बोल, कॉम्प्युटरमागे काय लपतोस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉम्प्युटर? तात्या, माझा रेडिओ दोन पावसाळे बंद आहे. बस. बोंबील तळलेत." मी जेवून परत आलो. तुला सांगितलं तेव्हा तू हसून हसून खोकलास आणि म्हणालास, "अरे वेड्या, इथे समोरची पार्टी नसते. इथे कोण ऐकतंय ते दिसत नाही, म्हणून तर जपून बोलायचं."

तोवर तू उत्तर टाकून मोकळा झाला होतास. सुनीताने वाचलं. "आपण एवढं नीट ऐकलंत, बरं वाटलं. तिसऱ्या कडव्याचं शाहिरांना विचारून सांगतो."

विचारून सांगतो!

वसंता, मला दुसरं काही लागलं नसतं. परक्याने म्हटलं ते सोड. पण तू? चार शब्द लिहायचे होते, शाहीर चुकला नाही. माझी बाजू घ्यायची होती. मी म्हटलं, "मी चुकलो नाही. तू चुकलास. तुझा हात मागे पडला."

तू मान खाली घातलीस. बोलला नाहीस. तुझ्या त्या न बोलण्याची मला इतकी चीड आली. मी म्हटलं, "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. जगात राहायला नको."

"माझ्याकडचं काढतो. पण अकरा घरी गेलंय, शाहीर."

"ते मला सांगू नको. काढ."

तू काढलंस, वाटपातून आणि मशीनमधूनही. एका बोटाने. मला दाखवलंस, "बघ, गेलं." सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पोळपाट. तिच्याकडे मी बघितलंही नाही.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी तिथून सरळ स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या माणसाला म्हटलं, "भाई, लिखो." आणि त्या पारावरच्याला गाण्याच्या चालीत चार ओळी लिहवून टाकल्या. ज्याने जन्मात तोंड उघडलं नाही, त्याने माझी कडवी मोजू नयेत. मर्द असशील तर मैदानात ये. आणखी बरंच. तो म्हणाला, "चाचा, ये सबको दिखेगा." मी म्हटलं, "दिखने दो. इसीलिए तो लिखवा रहा हूँ."

नंतर मला कळलं की तू ते वाचलंस. मला काही बोलला नाहीस. बोलणार कसा, मी यायचा थांबलो होतो. ही दिवाळीच्या आधीची गोष्ट. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर होळीला तुझ्याकडे पुरणपोळी घेऊन यायचो. ह्या होळीला डबा भरला, चपला घातल्या, जिन्यापर्यंत आलो. म्हटलं, त्याने आधी यावं. डबा परत ठेवला. आठ दिवसांनी दिनेशचा फोन आला.

तुझ्या तेराव्याला पानं उठल्यावर सुनीता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तात्या, बाबांचे फोटो खूप आहेत. पण आवाज एक नाही हो घरात. कुठेच नाही. ढोलकी तरी होती त्या गवळणीत."

  घरातली शेवटची थाप मी माझ्या हट्टापायी पुसायला लावली होती.

मी म्हटलं, "अकरा घरी गेलंय ना. शोध."

तिने शोधलं. नाव दिसलं, माझं आणि तुझं, शेजारी शेजारी. पण देणारं कुणी नाही. कुणी काढून टाकलं असेल, कुणाचं मशीन बंद असेल. पडद्यावर एक रिकामी रेघ. सुनीता म्हणाली, कुणी चालू केलं की ही हिरवी होत जाईल. मी रोज दुपारी शांती नगरला जाऊन त्या रेघेसमोर बसायला लागलो. तुझ्याच खुर्चीत. खालून भाजीवाल्याची हाक यायची, पडदा हलायचा, आणि मला वाटायचं तुझे तुकडे बाहेर फिरतायत, मिठागरावरून, पालीच्या कोळ्यांच्या होड्यांवरून, त्यांना कुठे उतरायचं ते सुचत नाहीये. मी कधी कधी मनात म्हणायचो, इकडे रे, इकडे. एखाद्या पोराला हाक मारावी तसं.

पाच दिवस रेघ रिकामी राहिली. सहाव्या दिवशी मी सुनीताला म्हटलं, "लिही."

"कुणाला?"

"त्यालाच. पारावरच्याला. त्याने कान देऊन ऐकलं होतं. ज्याने ऐकलं त्याच्याकडेच असेल."

ती लिहायला बसली. मी सांगत गेलो. मी तोच शाहीर, ज्याने तुला शिव्या घातल्या. गाणं माझ्याकडे नाही, मीच काढायला लावलं. ढोलकीवाला वसंता गेला. त्याच्या सुनेला त्याची थाप हवी आहे. तुझ्याकडे असेल तर दे.

ती थांबली. "माफ करा, असं लिहू?"

"लिही."

"सगळ्यांना दिसेल, तात्या."

"शिव्या दिसल्या ना सगळ्यांना? मग हेही दिसू दे."

"नक्की?"

"लिही म्हटलं ना, बाय."

वसंता, चाळीस वर्षांत मी समोरच्या पार्टीपुढे एकदा हात जोडले नाहीत, तुला माहीत आहे. त्या दुपारी जोडले. समोर पार्टी नव्हती, तोंड दिसत नव्हतं, तरी जोडले. आणि आश्चर्य म्हणजे छाती हलकी झाली, पॉलिश मारताना घालायचा जड चामडी पट्टा गळ्यातून उतरवल्यासारखी.

चार दिवसांनी उत्तर आलं. सुनीताने दारातूनच हाक मारली. तो कुणी रायगडकडचा, आखातात एका बेकरीत भट्टीवर काम करतो. स्वतः ढोलकी वाजवायचा, तिथे वाजवायला कुणी नाही. त्याने लिहिलं होतं, "काका, माफी कसली. मी ते काढलंच नव्हतं. पाळी संपली की ढोलकीसाठी रोज लावतो. तुमच्या शिव्यासुद्धा ठेवल्यात, रचना चांगली होती. आता मशीन चालू ठेवून कामाला जातो. तुमच्याकडे पूर्ण पोचेपर्यंत बंद करत नाही."

आणि रेघ हिरवी व्हायला लागली. मुंगीच्या पावलाने. चहा आला, गार झाला. सुनीता उठली नाही, मी उठलो नाही. आपण कुणाला तरी विरजण देतो, भांडतो, बोलणं टाकतो, आणि आपल्या घरचं नासलं की त्याच दाराशी वाटी घेऊन उभे राहतो. तो विचारत नाही की तेव्हा काय बोलला होतास. चमचाभर काढून देतो. हे तू पाटीलबाईंना समजावत होतास. मी कोपऱ्यात बसून हसत होतो.

रेघ भरली. सुनीताने लावलं.

ढोलकी आली आधी. तू आलास, वसंता. खोलीत इतका आलास की सुनीताने पदर डोळ्यांना लावला. मग माझा आवाज. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी, आणि आम्ही दोघं रडता रडता हसलो. मग तिसरं कडवं. कृष्ण वाट अडवतो तिथे श्वास घेऊन उचलायचं असतं. मी उचललं नाही. मागे राहिलो, दोन मात्रा सरळ मागे. आणि तुझा हात थांबला. पुढे गेला नाही, मला टाकून गेला नाही. दोन हलक्या थापा जास्तीच्या टाकल्यास, जसा कुणी उंबऱ्यात उभा राहून मागच्याची वाट बघतो तसा. मी आलो, आणि मग तू चाललास. बारा वेळा तरी ऐकलं असेल हे मी. दर वेळी मला माझाच आवाज ऐकू आला होता.

गाणं संपलं. सवयीने मी उठायला लागलो. सुनीताने माझा हात धरला.

"बसा तात्या. अजून आहे."

खुर्चीची करकर झाली. कुणी तरी बाल्कनीत गेलं, तो मी. आणि मग तुझा आवाज, अगदी हळू, माइकच्या बाजूला वळून बोलल्यासारखा. "सुनीता, पाणी दे गं शाहिराला. तिसऱ्या कडव्याला दमला गडी. त्याला सांगू नको हां. मी सांभाळलंय."

बस, एवढंच. मग टक करून बंद.

मी सुनीताकडे बघितलं. ती म्हणाली, "मला तेव्हापासून माहीत होतं. बाबा म्हणाले सांगू नको, म्हणून नाही सांगितलं."

म्हणजे तिला माहीत. त्या बेकरीवाल्याला माहीत. अकरा घरी माहीत. सगळ्या जगाला माहीत, मला सोडून. कारण माझा आवाज संपला की मी उठायचो. आणि तू? मी तोंडावर तुला चुकलास म्हटलं, तेव्हा तुला हे वाजवून दाखवायला एक बोट पुरलं असतं. तू मान खाली घातलीस. त्या माणसाला विचारून सांगतो लिहिलंस, कारण खोटं तुला लिहायचं नव्हतं आणि खरं सांगून मला पाडायचं नव्हतं. मला वाटलं बाजू घेतली नाहीस. तिथेही तू दोन मात्रा थांबून माझी वाट बघत होतास. पाच महिने. मी आलो नाही.

तुझं मशीन आता रोज चालू असतं. गवळण परत वाटपात आहे, पूर्ण, कुकरसकट, शेवटच्या बोलण्यासकट. मंडळाची पोरं म्हणतात, तात्या, तेवढं शेवटचं कापू या. मी म्हटलं, हात लावाल तर याद राखा. रविवारी पाटीलबाई एका नव्या बाईंना घेऊन आल्या होत्या. त्यांना समजवायला तू नव्हतास, म्हणून मीच विचारलं, "घरी दही लावता ना?"

आणि तुझं एक काम राहिलं होतं, तेही करून टाकलं. गाण्याखाली लोक लिहितात तिथे तुझं उत्तर अजून तसंच होतं, तिसऱ्या कडव्याचं शाहिरांना विचारून सांगतो. सुनीताला म्हटलं, त्याच्या खाली लिही.

"शाहिरांना विचारलं. शाहीर म्हणतात, चुकलो. ढोलकीवाला थांबला होता."